एलईडी बल्ब २५,००० तास चालतो म्हणे. माझ्या खोक्यात १९ मेलेले आहेत

पानशेत६१

मंडळी, मला एक सवय आहे आणि घरात तिला नावं ठेवली जातात. नवा बल्ब लावला की त्याच्या गळ्याशी मार्करने तारीख घालतो. गेला की शेजारी दुसरी तारीख घालून बुटाच्या खोक्यात टाकतो. २०१६ पासूनचं ते खोकं काल मोजलं. १९ एलईडी.

वेष्टनावर २५,००० तास छापलेलं असतं. रोज पाच तास धरले तर जवळपास पावणेचौदा वर्षं होतात. माझा सर्वांत दीर्घायुषी बल्ब मोरीतला, उघड्या होल्डरवरचा, सात वर्षं गेला. सर्वांत अल्पायुषी पॅसेजमधल्या काचेच्या गोळ्यातला, आठ महिने. त्या गोळ्यात आजवर पाच गेले. दोन वर्षांची गॅरंटी मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बिल होतं, पण ते त्या चकचकीत कागदावरचं, अक्षरं केव्हाच उडालेली. कोरा कागद धरून मी उभा. तो हसला, मीही हसलो. दुसरं काय करणार?

आता आमच्या इमारतीत रंगकाम निघालंय, त्यात घरातलं वायरिंगही करून घेतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "काका, होल्डर-बिल्डर सोडा, सीलिंगमध्ये पॅनल बसवू, बल्ब बदलायची भानगडच नाही." मी विचारलं, पॅनल गेलं तर? म्हणाला, पॅनल बदलायचं. आणि तेव्हा त्या मापाचं मिळालं नाही तर? यावर त्याने मोबाईल काढला.

म्हणून विचारतो. हे बल्ब मरतात कशाने? पुढे काही वेगळं तंत्र येतंय का, की ज्यासाठी थांबावं? आणि बल्ब नावाची वस्तू, जी आपण स्टुलावर चढून स्वतः बदलतो, ती राहणार आहे का?

---

तीन_पिनी

पहिला प्रश्न: बुटाचं खोकं २०१६ पासून टिकलं कसं? त्यावर किती तास छापले होते?

---

पानशेत६१

खोकं १९९४ चं आहे. बूटही आहेत.

---

चोक_स्टार्टर

काका, मी तीस वर्षं दिवे दुरुस्त करतोय. खोकं माझ्याकडे आणलंत तर १९ पैकी निम्म्यांचं पोस्टमार्टेम पाच मिनिटांत करून देईन.

वरचं दुधी झाकण काढा. आत अ‍ॅल्युमिनियमची गोल पाटी, तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके. ते एलईडी. एखाद्यावर तिळाएवढा काळा डाग दिसेल. तो एकटा मेलेला असतो, पण सगळे एका माळेत ओवलेले, त्यामुळे एक गेला की सगळी माळ अंधारात. दिवाळीच्या जुन्या तोरणासारखंच. डाग नसेल तर दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे २३० व्होल्टच्या एसीतून एलईडीला लागणारा बेताचा डीसी करून देणारी पाटी. तिच्यावर एक उभा डबा असतो, कपॅसिटर. त्याची टोपी फुगलेली दिसली की समजायचं, उकडून गेला. या कपॅसिटरचं गणित साधं आहे: दर दहा अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य अर्धं.

आता पॅसेजमधला गोळा. जुना बल्ब भट्टीसारखा तापायचा, पण त्याची उष्णता इन्फ्रारेड होऊन काचेतून बाहेर पडायची. शिवाय तार तापण्यासाठीच होती, तिचं काय बिघडणार? एलईडीच्या उजेडातून उष्णता जवळजवळ जात नाही. ती मागे, पाटीतून, गळ्याकडून निघावी लागते. तुम्ही गळा काचेच्या गोळ्यात बंद केलात, वर होल्डर छताला टेकलेला. पाच बल्ब तुम्हीच उकडून मारलेत काका, राग मानू नका.

आणि २५,००० तास म्हणजे "इतके तास पेटेल" असं नाही. तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल, असा तो एलईडी चिपचा हिशोब. ड्रायव्हर किती तास जगेल याबद्दल वेष्टन गप्प असतं.

---

मीटर_रीडर

काकांची तक्रार खरी, पण जरा वही उघडू.

साधा ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) द्यायचा आणि १,००० तासांत उडायचा. म्हणजे तुमच्या पाच तासांच्या हिशोबाने वर्षाला जवळपास दोन. २०१६ पासून त्या एका मोरीतच तुम्ही पंधरा-सोळा बल्ब बदलले असते. त्यांचं खोकं तुम्ही केलं नव्हतं, कारण तेव्हा बल्ब जाणं ही तक्रार नव्हती, रीत होती.

६० च्या जागी ९ वॉट लावला की ५१ वॉट वाचतात. रोज पाच तास म्हणजे वर्षाला ९३ युनिट. युनिटला आठ-दहा रुपये धरा. आठ महिन्यांत मेलेल्या बल्बनेसुद्धा स्वतःची किंमत चार-पाच वेळा फेडलेली आहे.

किंमत पडली कशी तेही बघण्यासारखं आहे. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची घरगुती एलईडी योजना सुरू झाली, तिचंच नाव पुढे उजाला. एलईडी बल्बची घाऊक सरकारी खरेदी २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना होत होती, ती २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. त्या योजनेतून ३६ कोटींच्या वर बल्ब गेले. वीजबिल दाखवून रांगेत उभं राहून आणलेले ते बल्ब इथे पुष्कळांना आठवत असतील.

पण ३१० चा ३८ होताना काही बचत मोठ्या संख्येमुळे झाली, काही चिप स्वस्त झाल्यामुळे, आणि काही (हे माझं मत) बाजारातल्या स्वस्त मालात अ‍ॅल्युमिनियम खरवडून. २०१५-१६ चा बल्ब हातात घ्या आणि आजचा हलका बल्ब घ्या. वजनच सांगेल.

---

तीन_पिनी

एक सामाजिक प्रश्न. आमच्या वर्गात उशिरा कळणाऱ्याला "ट्यूबलाईट" म्हणायचे. परवा मुलाला म्हणालो, तर त्याने विचारलं, म्हणजे लगेच कळणारा का? घरातली एलईडी पट्टी बटण दाबताक्षणी लागते ना! चोक गेला, स्टार्टर गेला, आता शिवीही गेली.

---

चोक_स्टार्टर

माझं नाव बदलायची वेळ आली म्हणा की.

---

नीलाक्षी

तासांचं आणि युनिटांचं झालं, पण उजेड कसा आहे याबद्दल कुणीच बोलत नाही. मी कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून मला राहवत नाही.

आमची आई लक्ष्मी रोडला साडी घेताना ती घडी उचलून दुकानाच्या दारात न्यायची. "बाहेरच्या उजेडात बघू." दुकानदार आतून तोंड वाकडं करायचे. आज मला कळतं की ती भौतिकशास्त्र करत होती. दारात सूर्यप्रकाश, त्यात सगळे रंग सलग. पिवळ्या बल्बचा उजेडही तसाच सलग, फक्त तांबड्याकडे झुकलेला. ट्यूबच्या उजेडात मधेमधे खाचा. आणि पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. तो निळा एलईडी असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिसळून आपल्या डोळ्याला पांढरं वाटतं. हा निळा मिळवायलाच माणसाला पार १९९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. लाल आणि हिरवे एलईडी कधीचे होते. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक लागतात, ते अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी जमवले. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी.

स्वस्त लेपात तांबडा कमी पडतो. म्हणून राणी रंगाची साडी घरी आणली की विटकरी दिसते, टोमॅटो शिळा वाटतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्या बायका आजारी. वेष्टनावर सीआरआय नावाचा आकडा शोधा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ८० बहुतेकांवर असतो, ९० च्या वर असेल तर दोन पैसे जास्त द्या. तांबड्यासाठी आर-९ असा वेगळा आकडा असतो, तो चांगल्या मालावरच छापतात, कारण वाईटावर छापण्यासारखा नसतो.

आणि ते ६,५०० केल्विन! (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर.) प्रत्येक घरात पांढराशुभ्र, ऑपरेशन थिएटरसारखा उजेड. "पांढरा म्हणजे जास्त" ही समजूत ट्यूबच्या काळापासून डोक्यात बसली आहे. निजायच्या खोलीत २,७०० किंवा ३,००० लावा. रात्री निळा उजेड डोळ्यात गेला की झोपेचं मेलाटोनिन मागे पडतं, हे आता पुरेसं सिद्ध झालंय.

---

विविधभारती_प्रेमी

अवांतर वाटेल, पण इथेच विचारते. माझी आत्या ८४ वर्षांची आहे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या ती मिडियम वेव्हवर ऐकते, आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. मोबाईलवर लावून दिलं तर म्हणते, "यात माणूस लांब वाटतो." आम्ही स्वयंपाकघरात नवीन बल्ब लावला आणि रेडिओ करकरायला लागला. दिवा बंद केला की आवाज स्वच्छ. हा योगायोग की काय?

---

चोक_स्टार्टर

योगायोग नाही. ड्रायव्हरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याचा गोंगाट वायरीतून आणि हवेतून मिडियम वेव्हच्या पट्ट्यात पोचतो. तो अडवायला एक छोटी कॉइल आणि एक-दोन कपॅसिटर लागतात, म्हणजे काही रुपयांचा खर्च. तोच वाचवलेला असतो. तेवढा एक बल्ब चांगल्यापैकी आणा, आणि आणताना आत्यांचा रेडिओ दुकानात घेऊन जा. मी गंमत करत नाही. बल्बशेजारी रेडिओ धरणे ही ड्रायव्हर तपासायची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे.

दुसरी: मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. उजेड धडधडताना दिसला तर ड्रायव्हर हलका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजेड खालीवर होतो. डोळ्याला थेट दिसत नाही, पण संध्याकाळी डोकं दुखणाऱ्यांनी एकदा तपासून बघावं.

---

यवतचा_शेवंतीवाला

नमस्कार. मी शहरातला न्हाई, सोलापूर रोडनं रात्री कधी आला असाल तर आमची रानं बघितली असतील. अंधारात लांबलचक दिव्यांच्या ओळी. लोकांना वाटतं लग्न हाय.

शेवंती हे लहान दिवसाचं झाड. रात्र मोठी झाली की त्याला कळतं, आता फुलायचं. मग सगळ्यांचं फूल एकदम येतं आणि भाव मातीत जातो. म्हणून आम्ही मध्यरात्री त्याला फसवतो. दहा ते दोन दिवे लावायचे. झाड समजतं रात्र लहान हाय, फूल धरत न्हाई, वाढत राहतं. दिवे बंद केले की आठ-दहा आठवड्यांत फूल. मार्गशीर्षाचे गुरुवार, लग्नसराई, जसं पाहिजे तसं बसवायचं.

आधी आम्ही पिवळे १०० वॉटचे लावायचो. बिल बघून रडू यायचं, आणि रात्री पाऊस आला की तापलेली काच फटाफट फुटायची. मग सीएफएल, मग एलईडी. पण एलईडी लावताना गंमत झाली. पहिल्या वर्षी शुभ्र पांढरे आणले, डोळ्याला लख्ख उजेड, तरी एका पट्ट्यात झाडानं फूल धरलंच. कृषीवाल्यांनी समजावलं, झाडाला रात्र मोजायला तांबडा उजेड लागतो, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा. तुमच्या डोळ्याला किती लख्ख वाटतं त्याच्याशी त्याला देणंघेणं न्हाई. पिवळसर एलईडीत तांबडा जास्त. ते लावल्यापासून नीट हाय.

ताईंनी साडीचं सांगितलं ना, तेच आमच्या रानात.

अजून एक. घरी गावरान पिलं हायेत. त्यांच्या खुराड्यात मी अजून जुना पिवळाच लावतो, ६० चा. थंडीत पिलं त्याच्याभोवती गोळा होऊन बसतात. एलईडीखाली बसवली तर उजेडात गारठून मरतील. पण आता ते बल्ब मिळायची मारामार.

---

पानशेत६१

यवतकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उजेड पाडणारा. आमच्या माळ्यावर ६० वॉटचे चार कोरे बल्ब आहेत, पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट. पिलांसाठी देऊन टाकतो.

---

चोक_स्टार्टर

काका, एक मला ठेवा. माझ्या टेस्टिंग बोर्डावर तोच लागतो. दुरुस्त केलेलं उपकरण आधी १०० किंवा ६० च्या बल्बच्या सिरीजमध्ये जोडायचं. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज आणि घर दोन्ही वाचतं. एलईडीने हे काम होत नाही. तार तापली की तिचा रोध वाढतो, तोच गुण इथे कामाचा.

---

चांदणीचौक

मीटर_रीडर यांच्या वहीत एक पान कमी आहे.

१८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागल्यावर कोळसा कमी लागला नाही, उलट जास्त लागला, कारण इंजिनं सगळीकडे वापरणं परवडायला लागलं. आता आजूबाजूला बघा. पूर्वी बाल्कनीत एक दिवा. आता कठड्याला पट्टी, जिन्याच्या पायरीला पट्टी, झाडाच्या बुंध्याला पट्टी. दुकानाची पाटी रात्रभर चालू. उड्डाणपुलाचे खांब जांभळे. गणपतीतल्या लेझरचा विषय मी काढत नाही, नाहीतर धागा विसर्जनापर्यंत चालेल.

मी आकाशवेडा. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हाचे जुने लोक शहरातून आकाशगंगा दिसल्याचं सांगत. आता सिंहगडावरून मागे वळून बघितलं तर शहरावर दुधी झाकण ठेवल्यासारखं दिसतं. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. रंग ओळखायला वाईट, पण त्यांच्यात निळा जवळजवळ नव्हता. हवेत निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. म्हणून तेवढाच उजेड पांढऱ्या एलईडीने टाकला की आकाश जास्त उजळतं. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी पाठवलेल्या तारांच्या नोंदींवरून आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेल्याचं निघालं.

उपाय महाग नाहीत. दिव्याला वरून झाकण, रंग ३,००० केल्विन किंवा खाली, मध्यरात्रीनंतर मंद. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने हेच केलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं "डार्क स्काय पार्क" ठरलं.

---

तीन_पिनी

"तारांच्या नोंदी" की "ताऱ्यांच्या नोंदी"? वायरमन लोकांचा धागा असल्यामुळे विचारतो.

---

चांदणीचौक

ताऱ्यांच्या. पुण्यात आहोत हे विसरलो होतो.

---

पाषाणकर

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. पुढे काय येतंय, थांबावं का? थांबू नका.

कारण असं. माणसाच्या डोळ्याला सर्वांत तेजस्वी वाटणारा रंग ५५५ नॅनोमीटरचा हिरवा. एक वॉट ऊर्जा पूर्णपणे त्याच रंगात बदलली तर ६८३ ल्युमेन मिळतात. याच्यापुढे निसर्ग जाऊ देत नाही. पण हिरव्या उजेडात कोण जेवणार? रंग नीट दाखवणारा पांढरा उजेड हवा तर कमाल मर्यादा वॉटला ३००-३५० ल्युमेनच्या आसपास येते. जुना तारेचा बल्ब १२, सीएफएल ६०, दुकानातला आजचा एलईडी १००-१२०. म्हणजे मोठी उडी मारून झाली आहे. उरलेली दुप्पट-अडीचपट मिळाली तरी घरातल्या एका बल्बमागे चार-पाच वॉटच वाचणार.

तरी एक उदाहरण मला फार आवडतं. दुबईच्या पालिकेसाठी २०१६ मध्ये फिलिप्सने एक बल्ब काढला, वॉटला २०० ल्युमेन. त्यात जादूचं नवं द्रव्य नव्हतं. एलईडीची संख्या वाढवली आणि प्रत्येकातून वीज कमी सोडली, एवढंच. एलईडीला जितकं कमी राबवाल तितका तो कार्यक्षम, थंड आणि दीर्घायुषी. आपल्याकडच्या स्वस्त बल्बमध्ये याच्या बरोबर उलट करतात. आठ चिपांकडून सोळांचं काम, कारण चिपा वाचतात. युरोपने सप्टेंबर २०२१ पासून लेबलं कडक केली, त्यात "ए" वर्गाला वॉटमागे २१० ल्युमेन लागतात. त्यामुळे असे बल्ब तिकडच्या दुकानांत दिसू लागले.

बाकी प्रयोगशाळेत पुष्कळ आहे. क्वांटम डॉट म्हणजे आकारानुसार रंग बदलणारे अतिसूक्ष्म कण, ज्यांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते फॉस्फरच्या जागी किंवा जोडीला वापरून नेमका तांबडा मिळवता येतो. नीलाक्षीताईंची साडी त्यात सुटेल. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचे एलईडी रंगाला सुंदर, पण ओल आणि उष्णता सोसत नाहीत. कोकणात एक पावसाळा काढून दाखवावा, मग बोलू. ओएलईडी म्हणजे भिंतीला चिकटवता येईल असा सपाट, मऊ उजेड. टीव्ही-मोबाईलमध्ये जिंकला, छताला मात्र महाग पडला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तारेच्या बल्बभोवती असा पडदा लावून पाहिला की उजेड बाहेर जाईल आणि उष्णता परत तारेवर येईल. कार्यक्षमता मिळाली ६.६ टक्के, कागदावर ४० पर्यंत शक्य. कल्पना देखणी, पण तिच्यासाठी कुणी दुकान उघडून बसलेलं नाही.

नळीचं मात्र ठरलं आहे. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत पाऱ्याच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. कुणाच्या घरी जुन्या ट्यूब असतील तर त्या फोडून कचऱ्यात टाकू नका.

---

कर्वेनगरची_सून

मी वाचून दमले. आमच्याकडे सासूबाईंना फॉल्स सीलिंग हवंय आणि सासऱ्यांना नकोय. मी मधे आहे. काय घ्यायचं ते कुणी सरळ सांगेल का?

---

चोक_स्टार्टर

सांगतो ताई. जिथे रोजचा वावर आहे, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, पॅसेज, तिथे होल्डरच ठेवा. पंचवीस वर्षांनीही त्यात बसणारा काहीतरी दिवा मिळेल, कारण ती खाच जगभर कोट्यवधी घरांत आहे.

सीलिंगमध्ये गोल लाईट लावायचेच असतील तर असे घ्या ज्यांचा ड्रायव्हर वेगळा, वायरीला लोंबणारा आणि मधे काढता-घालता येणारी पिन असलेला. दिवा भोकातून ओढला की ड्रायव्हर हातात आला पाहिजे. त्यावर मिलिअँपियर, म्हणजे तो किती करंट देतो, ते लिहिलेलं असतं, समजा ३०० असेल, तर तो गेल्यावर ३०० चाच दुसरा लावायचा, कंपनी कुठलीही चालेल. दहा लाईट लावलेत तर बारा घ्या, दोन माळ्यावर. पाच वर्षांनी तोच मॉडेल मिळणार नाही हे गृहीत धरा. पीओपीत चिकटवून टाकलेली पट्टी, जिला काढायला छिन्नी लागते, ती कुणी फुकट दिली तरी नको.

आणि घरी बल्ब उघडून त्या काळ्या डागाच्या एलईडीला शॉर्ट करायचे व्हिडिओ बघून कुणी हात घालू नका. बऱ्याच स्वस्त बल्बांत पाटी थेट मेन्सला जोडलेली असते. उघडी पाटी म्हणजे उघडी वायर.

---

मीटर_रीडर

सीलिंगचा निकाल लागायचा तेव्हा लागो, पण खर्च करायचाच असेल तर आधी वर फिरतंय तिकडे बघा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशशिवायच्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे शंभरावर युनिट वाचतात. ९ चा बल्ब काढून ६ चा लावलात तर वर्षाला साडेपाच. बल्बची लढाई आपण जिंकलो, आता त्या मैदानात फक्त भांडणं उरली आहेत.

---

पानशेत६१

आठवड्याने परत आलो. अहवाल देतो.

पॅसेजमधला काचेचा गोळा काढला. हॉलमध्ये होल्डरच ठेवले, इलेक्ट्रिशियन नाराज. शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. मीटर_रीडर यांचं ऐकून वजनदार बल्ब मागितले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, बल्ब किलोवर विकत नाही." पण दोन हातात दोन घेऊन त्यानेही तोललेच. सोबत रेडिओ नेला होता. आधी चार माणसं हसली, मग त्यातल्या दोघांनी आपापले बल्ब माझ्या रेडिओजवळ धरून बघितले. माळ्यावरचे तीन पिवळे बल्ब यवतला रवाना, एक चोक_स्टार्टर यांच्यासाठी ठेवलाय.

आता कबुली. मीटर_रीडर यांच्या वह्या वाचून मी घरातला प्रत्येक दिवा कागदावर मांडला. सगळ्यात खादाड निघाला देवघरातला झिरोचा बल्ब. तो लाल, नागाच्या फडीसारखा दिसणारा, रात्रंदिवस चालू. काढून वाचलं तर १५ वॉट! "झिरो" कशाला म्हणतात देव जाणे. जुन्या चकतीच्या मीटरला तेवढा भार हलवत नसे म्हणून, असं आमचे वडील सांगायचे. २४ तास, ३६५ दिवस: १३१ युनिट. सगळ्या घराच्या दिव्यांवर मी कंजुषी करत होतो आणि हा शांतपणे देवासमोर बसून खात होता. एवढी वर्षं.

लगेच अर्ध्या वॉटचा एलईडी आणून लावला. वर्षाला साडेचार युनिटही होणार नाहीत. घरात कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी दिवा लावायला ही देवघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, देव फ्रीजमध्ये ठेवल्यासारखे का दिसतायत?"

तर आता अर्ध्या वॉटमध्ये पिवळसर, तांबड्याकडे झुकणारा कुठे मिळेल?

---

नीलाक्षी

काकू बरोबर आहेत. हळदी-कुंकवाचा तांबडा त्या शुभ्र उजेडात मरतो. वॉर्म मागा, आणि नुसत्या वेष्टनावर जाऊ नका, दुकानात पेटवून आपल्या तळहातावर धरून बघा. हात जिवंत दिसला तर घ्या.

---

चोक_स्टार्टर

तपकीर गल्लीतच, पासोड्या विठोबाच्या बाजूने शिरलात की तोरणांची दुकानं लागतात, तिथे मिळेल. तारीख घालायला विसरू नका.

---

पानशेत६१

मार्कर खिशातच आहे.